झाडाखाली गाडी लावणाऱ्यांचं पक्षीप्रेम

मुंबईत पक्षीप्रेमाला तोटा नाही. थंडीच्या दिवसांत गेटवेवरून मांडव्याच्या लाँचमध्ये बसून बघा. लाँच धक्क्यापासून सुटते न सुटते तोच मागे कुरव पक्ष्यांचा थवा लागतो आणि निम्मी लाँच उठून कठड्याशी जाते. कुणी गाठिया उडवतं, कुणी कुरकुरे, कुणी शेव. पक्षी हवेतल्या हवेत झेलतात, पोरं चीत्कारतात, मोबाइल वर होतात. ह्यातले कित्येक कुरव लडाख-तिबेटच्या सरोवरांवर पिल्लं वाढवून इथे आलेले असतात. त्यांचं खरं खाणं म्हणजे मासे, किडे, खेकडे, भरतीनं किनाऱ्यावर टाकलेलं काहीबाही. मार्च-एप्रिलात तेवढंच अंतर परत कापायचं तर अंगात चरबी हवी, ती काय खारट तळलेल्या बेसनाची? पण हे लाँचवर कुणाला सांगून बघा. "अहो, खातायत ना ते!" एवढंच उत्तर येतं.

खातायत ना! आपल्याकडे माया दाखवायची पहिली रीत म्हणजे ताट वाढणं. पाहुणा असो, गाय असो की पितर. पक्ष्यांनाही आपण तेच लावलं. त्यात वाईट हेतू कुणाचाच नसतो, आणि म्हणूनच त्याबद्दल बोलणं अवघड जातं.

२०२५च्या जुलै-ऑगस्टमध्ये कबुतरखान्यांवरून मुंबईत जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली, लोक रस्त्यावर उतरले, प्रकरण हायकोर्टात गेलं. एकीकडे कबुतरांच्या विष्ठेच्या धुरळ्यानं फुप्फुसं निकामी होतात म्हणून सांगणारे डॉक्टर, दुसरीकडे पिढ्यान्‌पिढ्या दाणे घालणारी श्रद्धाळू माणसं. माझं मत विचाराल तर भर चौकात पोत्यानं दाणे ओतणं थांबायला हवं होतं. पण दाणे घालणाऱ्या आजीबाईंना खलनायक ठरवणंही मला पटलं नाही. कबूतर, म्हणजे आपला पारवा, मूळचा कडेकपारीत राहणारा. त्याच्या दृष्टीनं आपल्या इमारतींचे छज्जे, एसीच्या मागची फट, बंद फ्लॅटची गॅलरी हे सगळे कडेच. त्यात बाराही महिने आयतं धान्य मिळालं की तो बाराही महिने अंडी घालतो. इतकं साधं गणित आहे. कबुतराला मुंबईत संरक्षणाची गरज नाही, ती आमच्या मजल्यावरच्या खिडक्यांना आहे.

गंमत अशी की महाराष्ट्राचा राज्यपक्षी हाही एक कबूतरच आहे. हरियाल. तो मुंबईत आहे हे दाणे घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असेल, कारण तो दाण्यांकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला लागतात वड, पिंपळ, उंबर, त्यांची पिकलेली फळं. हिवाळ्यात सकाळी लवकर एखाद्या जुन्या पिंपळाच्या अगदी शेंड्याला तो थव्यानं ऊन खात बसतो. अंगाचा रंग पानांत असा मिसळतो की वीस पक्षी बसलेले असताना झाड रिकामं वाटतं. मग एक हलतो, हळदीसारखे पिवळेधम्मक पाय दिसतात आणि नजर बसली की दुसरा, तिसरा, दहावा दिसायला लागतो. मुलुंडला आमच्या घरामागच्या रस्त्यावर असा एक पिंपळ होता. गटाराच्या कामात त्याची मुळं तुटली, पुढच्या पावसात तो आडवा झाला. त्या जागी आता छोटं, देखणं, कुंडीत मावेल असं विदेशी ताडाचं झाड आहे. तिथे तुम्ही हरियालासाठी सोन्याच्या ताटात मूग ठेवलेत तरी तो यायचा नाही.

पक्ष्याला खाऊ घालणं सोपं, त्याची जागा त्याला राहू देणं अवघड, हे मला त्या पिंपळापेक्षाही आमच्याच आवारातल्या झाडानं जास्त शिकवलं.

आमच्या सोसायटीच्या गेटच्या डाव्या हाताला एक जुना पर्जन्यवृक्ष आहे, लोक ज्याला रेन ट्री म्हणतात तो. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. देशी झाडांचे कट्टर पुरस्कर्ते त्याला नाक मुरडतात. बगळ्यांना मात्र हे कुणी कळवलेलं नाही. मे सरता सरता ते येऊ लागतात. एरवी मातकट, चिखलाच्या रंगाचा दिसणारा वंचक पाठीवर किरमिजी होतो. गायबगळ्याच्या डोक्या-मानेवर केशरी रंग चढतो. रातबगळे दिवसभर लाल डोळा अर्धवट मिटून बसतात आणि दिवेलागणीला 'वॉक' असं एकच अक्षर टाकून खाडीकडे निघतात. सगळ्यांत दाटीवाटी पाणकावळ्यांची. नर काडी आणतो, मादी ती घरट्यात खोचते, आणि ती जरा इकडे-तिकडे गेली की शेजारचा तीच काडी उपसून नेतो. भांडण, मग पुन्हा काडी. आमच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक घरटं अगदी डोळ्यांच्या पातळीत होतं. पिल्लू आईच्या चोचीतच काय, पार घशात डोकं खुपसून खातं, हे मी तिथे पाहिलं. पहिल्यांदा वाटलं, आई पिल्लाला गिळतेय की काय!

आता खालचं सांगते. खाली पार्किंग.

बगळ्यांची वसाहत म्हणजे जूनपासून सप्टेंबरपर्यंत वरून अखंड पांढरा पाऊस. वास सुक्या मासळीच्या बाजारासारखा. पिल्लं घाबरली की पोटातलं ओकून टाकतात, त्यामुळे सकाळी बॉनेटवर अर्धी पचलेली निवटी पडलेली असते. ठाण्याच्या खाडीच्या चिखलात उड्या मारणारा हा मासा आपल्या गाडीवर येऊन पडणं ही माझ्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट आहे. तीन किलोमीटरवरची खाडी आपल्या दारात आणून दिली आहे कुणीतरी! तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना तसं वाटत नाही, आणि त्यांचंही बरोबर आहे. त्यांची गाडी नवी होती. विष्ठेनं रंग उतरतो, हे खरं आहे.

"ताई, पक्षी मलाही आवडतात," ते सभेत म्हणाले. "गावी आमच्या अंगणात मोर यायचे. पण हप्ता मी भरतो ना, बगळा भरतो का?"

सेक्रेटरी म्हणाले, पावसाआधी छाटणी दरवर्षीच होते, यंदा जरा जोरात करू. म्हणजे बोडकं. हा शब्द त्यांनी वापरला नाही, पण झाडावर चढणाऱ्या माणसाला 'जरा जोरात' म्हणजे काय हे बरोबर समजतं.

छाटणीच्या बाजूनंही बोलायला हवं. मुंबईत दर पावसाळ्यात फांद्या पडून माणसं दगावतात. ज्यांच्या मुलांची स्कूलबस त्या झाडाखाली थांबते त्यांना 'निसर्ग' म्हणून गप्प करणं हा उद्धटपणा झाला. अडचण फक्त वेळेची आहे. आपण छाटणी करतो ती एप्रिल ते जून, आणि कावळ्यापासून बगळ्यापर्यंत अर्ध्या शहराची घरटी असतात तीही तेव्हाच. तीच फांदी दिवाळीनंतर किंवा जानेवारीत उतरवली तर झाडाला चालतं, माणसाला चालतं आणि घरटं रिकामं झालेलं असतं. २०२२ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात रस्ता रुंद करताना एक मोठं झाड पाडलं, तेव्हा फांद्यांबरोबर पिल्लं रस्त्यावर आदळल्याचा व्हिडिओ देशभर फिरला होता. सभेत कुणीतरी तो फोनवर लावला. बायका म्हणाल्या, बंद करा ते.

मग मी कायद्याचं काढलं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरटी विस्कटणं हेही येतं. बंदूक लागत नाही, कोयता पुरतो. शिवाय आवारातल्या झाडाची फांदी तोडायलाही महापालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी लागते, तोंडी 'करून टाका' चालत नाही. पाचव्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी चष्म्यावरून बघत मान डोलावली आणि सभेचा नूर पालटला. कायद्याचा धाक दाखवून आलेलं पक्षीप्रेम खरं का, असं कुणी विचारेल. मला चालतं. बगळ्यालाही चालत असावं. १९०२ साली इंग्रज सरकारनं पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली, कारण युरोपातल्या टोप्यांवर लावायला हिंदुस्थानातल्या बगळ्यांची पिसं बोटी भरून जात होती. तेव्हाही व्यापाऱ्यांचं हृदयपरिवर्तन वगैरे झालं नव्हतं.

ठरलं ते असं. गेटवर ओथंबलेली एक फांदी खरंच धोक्याची होती आणि तिच्यावर घरटं नव्हतं. ती परवानगी काढून उतरवली. बाकीचं दिवाळीनंतर. झाडाखालच्या गाड्यांपैकी काही मागच्या बाजूला हलवल्या. ज्यांना जागा नव्हती त्यांच्यासाठी लोखंडी सांगाडा उभा करून वर नर्सरीवाले वापरतात ती हिरवी शेडनेट ताणली. पैसे सोसायटीच्या किरकोळ खर्चातून. त्याच्यावरूनही एक सभा झाली, ती मी वगळते.

त्या शेडनेटचा एक उपयोग आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. वादळी पावसात वरून पिल्लं पडतात. एरवी काँक्रीटवर आपटून मरायची, नाहीतर मांजरं न्यायची. आता ती जाळीवर पडून झोके खात राहिली. आमचे वॉचमनकाका बांबूच्या टोकाला परडी बांधून त्यांना अलगद उचलायचे आणि खालच्या फांदीच्या बेचक्यात ठेवायचे. दोन-तीनदा हाताला चोच लागून रक्त आलं. बगळ्याच्या पिल्लाजवळ तोंड न्यायचं नाही, ते थेट डोळ्याचा वेध घेतं, हेही त्यांनीच आम्हाला शिकवलं. काही जगली, काही नाही. शेजारच्या सोसायटीनं त्याच महिन्यात त्यांचं झाड खांबासारखं केलं आणि तिथले उरलेसुरले पक्षी आमच्याकडे आले. तिसऱ्या मजल्यावरचे काका मला जिन्यात भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "झालं समाधान?"

देखण्या पक्ष्यांचं नशीब ह्यापेक्षा बरं असेल असं वाटतं ना? रोहित बघा. म्हणजे फ्लेमिंगो. नव्वदच्या दशकापासून ते शिवडी आणि ठाण्याच्या खाडीत मोठ्या संख्येनं येऊ लागले. आता चांगल्या वर्षी लाखाच्या पुढे जातात. २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, मिळाला. बोटीतून लोक बघायला जातात, नवी मुंबईनं तर स्वतःला फ्लेमिंगो सिटी म्हणवून घेतलं, चौकाचौकांत गुलाबी पुतळे उभे केले. पण रोहित काही पुतळ्याशेजारी राहत नाही. तो राहतो ओहोटीला उघड्या पडणाऱ्या काळ्या, वास मारणाऱ्या चिखलात, जिथे त्याला लागणारं शेवाळ आणि बारीक जीव असतात. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो, तेव्हा थव्यांना टेकायला नेरुळच्या डीपीएस तलावासारखी उथळ पाणथळ जागा लागते. २०२४ मध्ये त्या तलावात खाडीचं पाणी यायची वाट बुजली. तलाव सुकू लागला, भरकटलेले रोहित रस्त्यांवर आले, काही मेले. त्याच वर्षी २० मेच्या रात्री घाटकोपरच्या आकाशात उतरणाऱ्या विमानाला थवा धडकला. सकाळी पंतनगर-लक्ष्मीनगरच्या बाजूला तीसच्या वर गुलाबी देह गोळा करावे लागले. त्या रात्री थवा नेमका तिथून का गेला ह्यावर पुष्कळ वाद झाले. चिखल आणि उथळ पाणी कमी होतंय, एवढं मात्र वाद न घालता दिसतं. पुढच्या वर्षी राज्य वन्यजीव मंडळानं डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. स्थानिक लोक त्यासाठी मेणबत्त्या, मानवी साखळ्या, अर्ज, कोर्ट असं सगळं करत होते. त्यांतल्या कुणीही रोहितांना काही खाऊ घातलेलं नाही.

आणि काच. हल्ली ज्या इमारतींना भिंतीऐवजी नुसती काचच असते, त्या इमारतीसमोर झाड असलं की काचेतही झाड दिसतं. पक्ष्याला दोन्ही खरी. मेच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर दक्षिणेकडून नवरंग येतो. रात्रीचा प्रवास करतो आणि पहाटे दमून शहरात कुठेही उतरतो. एका वर्षी माझ्या ऑफिसच्या पायऱ्यांवर एक सापडला. मुठीएवढा. हिरवी पाठ, खांद्यावर चमकता निळा ठिपका, डोळ्यावरून ओढलेला काळा पट्टा, पोटाखाली कुंकवासारखा लाल. लोकांनी गर्दी केली, एकानं बाटलीचं टोपण भरून पाणी त्याच्या चोचीत ओतायला घेतलं. ते करायचं नसतं, पाणी श्वासनलिकेत जातं. बुटांच्या खोक्याला भोकं पाडून त्यात ठेवलं, झाकण लावलं, जिन्याखाली शांत जागी नेलं. अंधार आणि गप्प बसणं हेच औषध. तासाभरानं खोक्यात खुडबुड ऐकू आली. मागच्या बाजूच्या झुडपांत नेऊन उघडलं तर तो दोन उड्या मारून पाचोळ्यात दिसेनासा झाला. नसता उठला तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. हा नंबर फोनमध्ये ठेवावा, संक्रांतीच्या आसपास तर नक्कीच. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ सालीच बंदी आणली, तरी जानेवारीत घारींचे पंख कापलेच जातात आणि पतंग संपले तरी झाडांत गुंतलेला मांजा वर्षभर त्याचं काम करत राहतो. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी लांब काठीनं तो उतरवणारी पोरं काही भागांत असतात. त्यांना तिळगूळ माझ्याकडून.

मदत करूच नये असं म्हणणं नाही. पण मे-जूनमध्ये मला येणारे निम्मे फोन 'पिल्लू सापडलंय'चे असतात आणि त्यातल्या बहुतेकांना मी सांगते, सापडलेलं नाही, तुम्ही उचललंय. कावळ्याचं, बुलबुलाचं, दयाळाचं पिल्लू घरट्यातून बाहेर पडतं तेव्हा त्याला नीट उडता येत नसतं. दोन-चार दिवस ते खालच्या फांद्यांवर, कुंड्यांमागे, कुंपणाच्या भिंतीवर धडपडत काढतं. आई-बाप आसपासच असतात, भरवत असतात. अंगावर पिसं असतील, पाय धड असतील तर मांजरापासून लांब, जवळच्या झुडपात ठेवायचं आणि आपण निघून जायचं. दूध-पाव नको, नाव ठेवणं नको. कावळ्याचं पिल्लू असेल तर निघून जाण्याची वेगळी आठवण करावी लागत नाही, डोक्यात टोच बसतेच. त्या दिवसांत आमच्याकडे लोक छत्री उघडून गेटमधून जातात, ऊन असलं तरी. भाद्रपदात ज्याची घास शिवायला हात जोडून वाट बघायची, त्याला मे महिन्यात पंधरा दिवस रस्ता सोडायला आपली एवढी कुरकुर! तारा, हँगरचे तुकडे, झाडूच्या काड्या, काय काय आणून तो ते घरटं बांधतो आणि त्यातही कोकिळा अंडं घालून जाते. त्याची बाजू कुणीतरी घ्यायला नको का?

आमच्याकडे यंदा नवाच पेच आहे. इमारत रंगवायची आहे, कंत्राटदाराला पावसाआधी काम संपवायचंय, म्हणजे परांची मे महिन्यात झाडाच्या बाजूलाच बांधली जाणार. तिथे गुलमोहराची एक वाळकी फांदी आहे, तिच्यात तांबटानं चोचीनं कोरून गोल भोक केलंय. त्याला मेलेलं, मऊ लाकूडच लागतं. सेक्रेटरींनी 'सुकी फांदी काढणे' असा मुद्दाही त्याच कामात घातलाय. मी पत्र दिलं आहे: मागची आणि पश्चिमेची बाजू आधी रंगवा, पुढची बाजू दिवाळीनंतर, फांदी गॅलरीपासून लांब आहे तेव्हा ती तशीच राहू दे, दोनदा परांची बांधण्याचा जादा खर्च काय तो सांगा. कंत्राटदार म्हणतो खर्च वाढेल, किती ते रविवारी सभेत सांगतो. सभा अकराला आहे. काका येणार आहेत, वकीलसाहेब गावी गेलेत.